हवेतलं पावणं

कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून ओळखणारी माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण कुणाच्या घरी काय चाललंय हे दार न वाजवता, भिंतीपलीकडून, नुसत्या हवेवरून सांगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनांच्या देखभालीत हयात घालवून ते निवृत्त झाले. त्यांच्याबरोबरच्या बाकीच्यांनी बागकाम, भजनी मंडळ किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालणं यांपैकी एकेक गोष्ट वाटून घेतली. साडूंनी हवा घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे राजारामपुरीच्या रस्त्यावर संध्याकाळी नसते एवढी गर्दी हवेत असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. "तुमास्नी वाटतंय खोली रिकामी हाय," ते मला एकदा म्हणाले, "पण पावणं, ह्या खोलीत आत्ता पंचवीस-तीस जण बोलाल्यात." खोलीत आम्ही दोघेच होतो. मी हळूच दाराच्या बाजूला सरकून बसलो.

ही बोलणारी मंडळी म्हणजे वायफाय, ब्लूटूथ, गाड्यांच्या किल्ल्या, बिनवायरच्या बेला आणि असलंच काहीबाही. ते पकडायला साडूंकडे एक मोबाइल, एक जुना लॅपटॉप, त्याला लावायचा अंगठ्याएवढा रिसीव्हर आणि काकवीच्या रिकाम्या डब्यापासून घरी केलेला अँटेना एवढा सरंजाम आहे. डबा नीट धुतला नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवशी सिग्नलच्या आधी मुंग्या आल्या. हा डबा काखेत घेऊन ते रोज सकाळी राजारामपुरीच्या गल्ल्यांतून हिंडायला निघतात. नव्या माणसाला वाटतं, काका दूध आणायला चाललेत. पण काका मध्येच थांबून डबा एखाद्या इमारतीवर रोखतात आणि मोबाइलकडे बघत मान डोलावतात. कुणाचा पासवर्ड फोडायचा नाही, कुणाच्या बोलण्यात शिरायचं नाही, ही मात्र त्यांची शपथ. "दारावरची पाटी वाचाय कुणाची परवानगी लागत न्हाय," ते सांगतात, "कडी वाजवायची न्हाय, एवढंच." आणि पाट्या तरी काय एकेक असतात. 'बापाचं हाय काय' नावाचं वायफाय एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. शेजारच्या गल्लीत दोन भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा थोरल्याने आपल्या वायफायचं नाव 'तांबडा' ठेवलं आणि धाकट्याने 'पांढरा'. मग मध्यंतरी तिथे एकच नाव दिसायला लागलं, 'तांबडापांढरा'. भाऊ एक झाल्याचं त्यांच्या सख्ख्या मामाच्या आधी साडूंना कळलं होतं, आणि मामालाही ते साडूंनीच सांगितलं.

ज्या सिग्नलचा पत्ता लागत नाही, त्याला साडू 'पावणं' म्हणतात. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात, तेव्हा अनोळखी सिग्नलला दुसरं काय म्हणणार? मी साडू असल्यामुळे मीही पावणंच. त्यामुळे "पावणं आल्यात" असा त्यांचा फोन आला की मला दरवेळी विचारावं लागतं, हवेतलं की एसटीतलं. आणि एकदा पावणं आलं म्हटल्यावर त्याचं नाव, गाव, कूळ लागेपर्यंत या माणसाला जेवण गोड लागत नाही. समोरच्या काकूंच्या घरातली बेल रोज संध्याकाळी आपोआप वाजायची आणि दारात कुणी नसायचं. काकूंनी ठरवून टाकलं की वारलेल्या सासूबाई येतात. साडूंनी दोन संध्याकाळी जिन्यात ठाण मांडलं आणि शोधून काढलं की खालच्या शिकवणीत पोरं आली की तिथली बेल दाबतात, आणि दोन्ही बेला एकाच कंपनीच्या, एकाच भाषेत बोलणाऱ्या असल्यामुळे वर काकूंची वाजते. हे त्यांनी जिन्यातूनच, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. काकूंना आनंद व्हायला हवा होता. पण त्या म्हणाल्या, "एवढे दिवस मी त्यांच्यासाठी दिवा लावत होते, आता तो कुणासाठी लावू?" साडू डबा काखेत घेऊन जिना उतरले. त्यांचं काम नाव लावण्यापर्यंतच असतं.

त्यांच्यातला दोष म्हणाल तर एवढाच, की त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाव सापडलं की ते सांगितलंच पाहिजे, आणि समोर जेवढी माणसं असतील तेवढ्यांना सांगितलं पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी डॉक्टरांच्या धाकाने एक वजनकाटा आणला होता. त्यावर उभं राहिलं की तो मोबाइलला आकडा कळवतो. आकडा काही साडूंना दिसला नव्हता, पण काटा जागा झालेला कळला. सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना साडू प्रेमाने म्हणाले, "वकीलसाहेब, सकाळी वजन केलासा जणू. उतरलं काय जरा?" तेव्हापासून वकीलसाहेब जिन्यात समोर आले तर वर बघून जातात. साडूंना अजून कळलेलं नाही की यात चुकलं काय. मी तर चौकशी केली, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांच्या घरातलं सांगायला हवं. माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, पुढच्या खोलीत मुलांना गाणं शिकवते. अर्धी राजारामपुरी 'सा' लावायला तिच्याकडून शिकलेली आहे. या अक्काला गेली काही वर्षं कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि ते कुणालाच कळलं नव्हतं. कोल्हापुरात ते कळणार कसं? इथे दोन माणसं एका बाकावर बसून बोलायला लागली तरी पलीकडच्याला वाटतं, भांडण लागलंय. साडूंचा आवाज तर मशिनांच्या खडखडाटात घडलेला. ते चहा मागतात तेव्हा कोपऱ्यावरचा टपरीवालाही आधण ठेवतो. अक्काला घरातलं सगळं ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हता तो पोरांचा बारीक, कोवळा, जरासा उतरलेला 'ग', आणि तेवढाच तर तिला ऐकायचा होता. शेवटी ती माझ्या बायकोला घेऊन गुपचूप मिरजेला गेली आणि कानामागे बसणारं चिमुकलं यंत्र घेऊन आली. अंबाडा मोडून तिने केस कानावर सोडले. जगभरचे सिग्नल ओळखणाऱ्या तिच्या नवऱ्याला बायकोने केसांची ठेवण बदलल्याचं कळलं नाही. नवऱ्यांचं हे असंच असतं. माझ्या बायकोने मला हे सांगितलं ते हातावर हात मारून, कुणाला सांगणार नाही असं वचन घेऊन. "अक्का म्हणते, बहिऱ्या बाईकडं गाणं शिकाय पोरं कोण धाडंल? क्लास गेला तर मी करू काय? आणि तुमच्या साडूंना कळलं म्हणजे राजारामपुरीला कळलं."

कानातलं ते यंत्रही हवेत बोलतं, हे त्या दोघी बहिणींना कुठे माहीत होतं? आठवड्याच्या आत मला साडूंचा फोन आला. "पावणं आल्यात. आणि इपरीत हाय. घरात दिसतंय, मंडईत दिसतंय, देवळाच्या रांगेत बी दिसतंय. माझ्या पाळतीवर हाय कोण तरी." त्यांच्यावर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार होतं, ही गोष्ट वेगळी. त्यांनी स्कूटरची सीट उसवली, तांदळाचा डबा उपसला आणि स्वतःच्या चपलांचे तळ तपासले. मी "असंल काहीतरी" म्हणून विषय बदलत होतो आणि ते त्या विषयावर परत येत होते.

त्यातच अक्काच्या क्लासची सहल निघाली पन्हाळ्याला. पोरं, त्यांच्या आया, आणि घरचे म्हणून आम्ही. तबकबागेत जेवणं झाली. पोरं सावलीत गाणी म्हणत होती. साडूंनी सवयीने मोबाइल काढला आणि त्यांचा चेहरा फुलला. "पावणं गडावर बी आल्यात," ते गरजले. "आता सुटत न्हाय. हितं घरं न्हाईत, बेला न्हाईत. आपल्यातच कुणाकडं तरी हाय." सगळ्यांना मोठी गंमत वाटली. त्यात एक बाई होत्या, ज्यांच्या तिन्ही मुली क्लासला होत्या. त्यांच्या शब्दावर अर्धा क्लास आलेला होता आणि त्यांच्याच शब्दावर तो गेलाही असता. त्या पदर खोचून पुढे झाल्या. "काका, आमी काय करायचं सांगा." साडूंनी पद्धत सांगितली: एकेकाने लांब त्या झाडापर्यंत जायचं. ज्याच्या जाण्याने पडद्यावरची रेघ बारीक होईल, पावणं त्याच्याकडे.

माझ्या बायकोने माझं मनगट धरलं. मी पहिला गेलो आणि येताना मुद्दाम वेळ काढला. मग बायको गेली. त्या बाई गेल्या, त्यांच्या मुली गेल्या, बसचा ड्रायव्हरही जाऊन आला. रेघ हलली नाही. मी म्हणालो, "ऊन उतरलंय, निघायचं का?" कुणी लक्ष दिलं नाही. अक्का आतापर्यंत पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होती. ती उठली, आणि झाडाकडे न जाता फाटकाशी भाजलेली कणसं विकणाऱ्या मावशीकडे चालायला लागली. बायकोने माझं मनगट पुन्हा आवळलं. साडू पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून तिच्या पाठीकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. ती कणसं घेऊन वळली आणि वाऱ्याने तिचे केस मागे गेले. तिने झटक्यात हात वर केला, पण केसांकडे नाही, कानाकडे. ती जवळ येत गेली तसतशी साडूंच्या हातातली रेघ वाढत गेली असणार. मला पडदा दिसत नव्हता. मला साडूंचं तोंड दिसत होतं, आणि ते उघडलेलं होतं.

"घावलं व्हय काका?" बाईंनी विचारलं. सगळी सहल त्यांच्याकडे बघत होती. अक्का कणसांचा कागद छातीशी धरून उभी होती. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखतो. सापडलेलं नाव गिळताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही. त्यांनी तोंड मिटलं. मोबाइल बंद केला आणि खिशात ठेवला.

"न्हाय घावलं," ते म्हणाले. "पावणं हाय. ऱ्हाऊ द्या."

"अवो, पण असं कसं?"

"बाई, घरात आलेल्या पावण्याला आपण आदी पाणी देतो का नाव इचारतो? त्याला वाटंल तवा सांगंल की." मग त्यांनी अक्काच्या हातातली कणसं घेतली आणि पोरांना वाटायला सुरुवात केली. माझ्या बायकोने माझं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बांगडीचा वळ उठला होता.

त्या दिवसापासून साडूंचा आवाज उतरला. पहिल्यांदा शेजाऱ्यांना वाटलं, तब्येत बरी नाही. वकीलसाहेबांनी जिन्यात थांबून चौकशीसुद्धा केली. आता साडू दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाहीत. उठून आत जातात, पंखा बंद करतात आणि अक्काच्या समोर उभं राहून बोलतात. क्लास चालू असताना मोबाइलमध्ये बघून पावणं हजर असल्याची खात्री करतात, आणि नसलं, म्हणजे यंत्र थकलेलं असलं, की काहीतरी निमित्त काढून पोरांना पाणी प्यायला सोडतात, म्हणजे अक्काला आत जाऊन सेल बदलून यायला वेळ मिळतो. डबा घेऊन हिंडणं मात्र चालू आहे. बाकीच्या हवेबद्दल गप्प बसायची त्यांनी काही शपथ घेतलेली नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. क्लास सुटला होता. अक्का चहा घेऊन आली, कप ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या त्या पावण्याचं काय झालं वो? लागला का पत्ता?"

साडूंनी बशीत चहा ओतला. "न्हाय लागला," ते म्हणाले. "पण आता हितंच ऱ्हायलंय. घरचंच झालंय."

अक्काने केस कानामागे सारले, नीट, सावकाश, आम्हा दोघांच्या देखत, आणि ती त्यांच्या शेजारी बसली. बराच वेळ आम्ही तिघं चहा पीत होतो, आणि कोल्हापुरातल्या त्या घरात कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं.