बाबांचा उलटा स्क्रीन

लालबागकरांनो, आपल्या ग्रुपवर कुणी व्हिडिओ एडिटिंग करणारं असेल तर प्लीज वाचा.

बाबा गिरणीत मागावर होते. संपानंतर लग्नाच्या कॅसेटी काढायला लागले, पुढे कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकले. त्यांचा स्क्रीन सगळा उलटा. क्लिपा जोडायची टाइमलाइन वर आणि चित्र खाली. म्हणायचे, "मागावर विणलेलं कापड पोटाशी येतं. चित्र पण तिथेच हवं."

आता त्यांना फारसं काही आठवत नाही. पण त्या स्क्रीनसमोर बसले की हात बरोबर चालायचे.

आज दुपारी मला आवाजाची खिडकी सापडेना. वैतागून अख्खा लेआउट रिसेट केला. सगळं नव्यासारखं झालं, चित्र वर आणि टाइमलाइन खाली.

संध्याकाळी बाबा येऊन बसले. माउस धरला, सोडला. "माफ करा, चुकून बसलो," म्हणत उठले.

संप फिसकटल्यावर बाबा गिरणीत गेले, तेव्हा त्यांच्या मागावर दुसराच उभा होता. घरात हे हजारदा ऐकलंय.

संध्याकाळपासून स्क्रीनवरच्या खिडक्या ओढून बघतेय. त्यांच्यासारखं जमतच नाही. जुना लेआउट कधी सेव्हच केला नव्हता. परत आणता येतो का? येत नसेल तर तसं सांगा.

बाबा दारात उभे राहून विचारतायत, "माझा माग कुणाला दिलास गो?"