पेगीची आमंत्रणं

डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या घरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी शेजारच्या पेगीने आम्हाला रविवारच्या जेवणाला बोलावलं. बेत डुकराच्या मांसाचा होता. आम्ही शाकाहारी आहोत हे तिला पक्कं माहीत होतं. घरमालकाकडून तिने आमची कुंडली आधीच काढून ठेवली होती. मी चाचरत म्हणालो, "आम्ही मांस खात नाही." "ठाऊक आहे रे. तू येणार नाहीसच," ती म्हणाली. "पण आता तुला विचारून झालंय. ग्रँड!" आणि वळून चालायला लागली.

"बाई जरा सरकलेली दिसतेय," माझी बायको मनीषा म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

पेगी ऐंशीच्या घरातली, बुटकी, बेलफास्टची. लग्न करून डब्लिनला आली त्याला जन्म लोटला होता, तरी बोलण्यातला उत्तरेचा हेल काही गेला नव्हता. नवरा वारलेला, मुलगा शॅननला कारखान्यात नोकरीला. नाही म्हणणार हे ठाऊक असलेल्या माणसालाही आमंत्रण द्यायचं, हा तिचा नेम होता. पोस्टमन कामावर असताना त्याला व्हिस्कीचं. दारावर धर्मप्रचाराला येणाऱ्या दुसऱ्या पंथाच्या लोकांना स्वतःच्या चर्चमधल्या प्रार्थनेचं. आम्हाला दर नाताळला हॅमचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "पेगी, कशाला तोंडाची वाफ दवडतेस?" तर म्हणाली, "माणसाला नाही म्हणायची संधी द्यावी. तेवढा मान तर कुणालाही परवडतो." हे वाक्य ती इतक्यांदा म्हणायची की मनीषा आधीच ओठ हलवायची.

समोरच्या रांगेत जोशी आणि इम्तियाज शेख राहायचे. जोशी पुण्याचा, इम्तियाज सोलापूरचा; दोघं चेरीवूडला एकाच ऑफिसात. पेट्रोल वाचावं म्हणून एका गाडीने जायला लागले आणि मग त्या गाडीवाचून त्यांचं पान हलेना. रोज सकाळी दार उघडण्यापासून भांडण सुरू. काच खाली की वर, मोटरवे की गावातला रस्ता. "जोश्या, तू ब्रेक मारतोस का नारळ फोडतोस बे?" असं इम्तियाज ओरडायचा ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पेगी खिडकीत उभी राहून म्हणायची, "निघालं माझं नवरा-बायकोचं जोडपं!"

गेल्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळींनी शिवराज्याभिषेक दिन घरांमधल्या हिरवळीवर करायचा ठरवला. पुढाकार जोशीचा. फेटे, लेझीम, मुलांची भाषणं, श्रीखंड-पुरी. ग्रुपवर नावं टाकताना इम्तियाजचं नाव त्याने गाळलं. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "अरे, चांगला माणूस आहे तो. उगाच त्याला अवघडल्यासारखं कशाला करायचं? हो म्हटलं तर पंचाईत, नाही म्हटलं तर पंचाईत." वाईट हेतू अजिबात नव्हता, आणि म्हणूनच कुणी वाद घातला नाही. जोशी रोज त्याच गाडीत त्याच माणसाशेजारी बसत होता आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हता. मुलांच्या तोंडून व्हायचं ते झालंच. शाळेतून मुलं लेझीमच्या सरावाला आली, इम्तियाजची मुलगी घरी जाऊन म्हणाली, "डॅडी, हाऊ कम वी'र नॉट डूइंग इट?" आणि सोमवारपासून इम्तियाज बसने जायला लागला.

पेगीला ते पहिल्या दिवशीच दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने मला आणि जोशीला चहाला बोलावलं आणि प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, बिस्किटांचा डबा काढता काढता विचारलं, "त्या सोलापूरच्या तुझ्या माणसाला काय झालंय?" जोशीने सगळं सांगितलं. राजा कोण, राज्याभिषेक कसला, आणि इम्तियाजला का नाही विचारलं. पेगी खुर्चीत बसली.

"आमच्याकडेही राज्याभिषेक झाला होता," ती म्हणाली. "राणीचा. मी शाळेत होते."

मग तिने बेलफास्ट सांगितलं. बोटी बांधणारं आणि लिनन विणणारं शहर. प्रत्येक गल्लीच्या टोकाला गिरणीची भिंत. महिनाभर आधीपासून गल्ल्यागल्ल्यांत चुरस. पदपथाच्या कडा ब्रिटिश झेंड्यासारख्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवल्या, कमानी उभारल्या. गिरणीतल्या बायका उरलेलं कापड रंगवून पताका शिवायच्या. पेगीची आईही मागावरून उठली की चार बायकांत बसून शिवायची. त्या दिवशी घराघरातली टेबलं बाहेर काढून एकाला एक लावली, केक, सँडविच, पोरांना राणीचं चित्र असलेले मग. गल्लीत टीव्ही एकच, त्या घरात माणसावर माणूस. दुपारी पाऊस आला तरी कुणी उठेना.

"आमचं घर कॅथलिक. गल्लीत एकटंच, बाकी सगळे राणीला मानणारे प्रोटेस्टंट," पेगी म्हणाली. "पप्पा आणि शेजारचा अ‍ॅलेक दोघं गोदीत. रोज पहाटे बरोबर चालत जायचे, बरोबर यायचे. अ‍ॅलेक गल्लीच्या समितीत होता. महिनाभर रोज बरोबर चालला, पण पप्पांना काही बोलला नाही. त्यांना अवघड वाटेल म्हणून! पताका आमच्या दाराशी आल्या आणि आमचं दार टाळून दोरी समोरच्या खांबावर नेली. आईने शिवलेल्या पताका होत्या त्या."

"पण तुझे वडील गेले असते का?" मी विचारलं.

"छे! राणीचं नाव काढलं तरी थुंकायचे. खणखणीत नाही म्हणाले असते आणि दोघं हसत कामावर गेले असते." तिने बिस्किटांचा डबा बंद केला. "दुसऱ्या दिवसापासून पप्पा थोडे लवकर निघायला लागले. एकटे. अ‍ॅलेक वारला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभे राहिले, पण घरात गेले नाहीत. तो चांगला माणूस होता, जोशी. अगदी तुझ्यासारखा."

जोशीचा चेहरा पडला. चहा तसाच टाकून तो उठला आणि थेट इम्तियाजच्या दारात गेला. मी मागोमाग.

इम्तियाजने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रोज गाडीत बसून मॉर्गेज बोललास, पोरांचे क्लास बोललास. महाराजांचं एक अक्षर नाही? माझे आजोबा सोलापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवायचे बे! महाराज काय तुझ्या एकट्याचे आहेत?" जोशी म्हणाला, "म्हणून तर बोलवायला आलो." "आता आलास," इम्तियाज म्हणाला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मला ते जास्त लागलं.

कार्यक्रम झाला. पेगी ठेवणीतली टोपी घालून आली, श्रीखंड दोनदा मागून घेतलं, लेझीमवर टाळ्या वाजवल्या. इम्तियाजचं दार बंद होतं. पुढे उन्हाळा गेला, पानं गळाली, जोशी गाडीने आणि इम्तियाज बसने. पेगी दर रविवारी दोघांनाही चहाला बोलवायची आणि दोघंही, दुसरा येईल म्हणून, नाही म्हणायचे. "आता मला तक्रार करता येत नाही," ती मला म्हणाली. "संधी मीच दिलीय." हसली, पण हसण्यात दम नव्हता.

जानेवारीत ती गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. इथल्या रीतीप्रमाणे तिला बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. लोक येत होते, चहा पीत होते, तिचे किस्से सांगून हसत होते. जोशी पुढच्या खोलीत, इम्तियाज स्वयंपाकघरात कप विसळत. मला खरंच भडभडून आलं. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

निघताना तिच्या मुलाने विनंती केली, गल्लीच्या टोकापर्यंत शेजाऱ्यांनी खांदा द्यावा. सहा जण पुढे झालो. इथे शवपेटी खांद्यावर घेतात ती जोडीजोडीने, आणि तोल राहावा म्हणून जोडीतले दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात. अंत्यविधीवाल्याने आम्हाला बघितलं आणि उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. त्या माणसाला काय माहीत? जोशी आणि इम्तियाज अगदी एका उंचीचे.

दोघं क्षणभर तसेच उभे राहिले. मग पेटी उचलली गेली आणि हात टाकावेच लागले. मी त्यांच्या मागे होतो. जोशीच्या काळ्या कोटावर इम्तियाजची बोटं घट्ट रुतलेली दिसत होती. गल्लीचं टोक आलं. पेटी गाडीत सरकवली, दार लागलं. इम्तियाजने नाक पुसलं आणि गाडीकडे बघतच विचारलं,

"उद्या किती वाजता निघायचं बे?"

"नेहमीच्याच," जोशी म्हणाला, आणि भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडायला लागला.