आक्काच्या विहिरीचं पाणी

डॉक्टर ‘अमिबा’ म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो गबाळा ठिपका... तो कुणाला काय मारणार? पण माझी थोरली जाऊ, वत्सलाआक्का, चिंचवडच्या दवाखान्यातून निघोज्याच्या घरी परत आलीच नाही.

मी या घरात नवरी होऊन आले ती सातवी पास असल्याच्या तोऱ्यात. विहिरीच्या काठावर उभी राहून पाण्यालाच नावं ठेवायची. एक दिवस आक्काने माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. शिकलेली सूनबाई अशी बोंबलली की माळावरची गुरं उधळली! आक्का वर पोट धरून हसत होती. “हातपाय मार की गं, मास्तरीण! घरचं पाणी हाय, दगा न्हाई देत!”

पुढे जमिनी कंपन्यांकडे गेल्या. पोरं शेड टाकायला विहीर बुजवू लागली, तर आक्का काठावर खुर्ची टाकून बसली. विहीर राहिली. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती. औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून प्यायचं पाणी ती खळखळा उकळायची. पण सकाळच्या जलनेतीला मात्र विहिरीचंच, कच्चं. नळाच्या पाण्याला म्हणे औषधाचा वास.

“हे नाही उकळायचं?” मी एकदा विचारलं.

“या नाकातनं आत, त्या नाकातनं भाईर. पोटात जातंय व्हय?”

आधी डोकं दुखू लागलं. मग एका सकाळी माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, तू कुणाची गं?”

हा जंतू पाण्यात, मातीत सगळीकडे असतो, पण क्वचितच कुणाच्या मेंदूपर्यंत पोचतो, असं डॉक्टर म्हणाले. आजारी माणसाला धोका जास्त. नाकातून गेला असावा... खात्रीने सांगता येत नाही. अहो, मग बोटं मोडायची कुणाच्या नावाने? जिच्यासाठी ती पोटच्या पोरांशी भांडली, त्या विहिरीच्या? की ‘दगा न्हाई देत’ म्हणून मला आयुष्यभर फसवून, शेवटी ओळखही न देता गेलेल्या आक्काच्या?

तिचं नेतीचं तांब्याचं भांडं अजून मोरीत आहे. पुतण्या म्हणाला, “काकू, विहिरीत सोडून देऊ.”

“खबरदार! त्या विहिरीनं नेलं तेवढं बास झालं.”

आता रोज त्याच भांड्याने मी आक्काच्या मोगऱ्याला पाणी घालते. विहिरीचंच, पण उकळून, निववून. सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मोगऱ्याला गरज नाही, हे मलाही कळतं... पण त्या पाण्याला एकदा चटका दिल्याशिवाय मी उंबरा ओलांडू देत नाही.