होडी लागणारा कोळी

माहीमच्या कोळीवाड्यात जन्माला येऊन ज्याला होडी लागते, त्यानं तोंड लपवावं तरी कुठं? हरेश्वरनं ते घोड्याच्या शेपटामागं लपवलं होतं. लग्न झालं त्या वर्षी मेव्हण्यानं, म्हणजे दत्तूनं, त्याला मोठ्या हौसेनं आपल्या होडीवर नेलं. किनारा दिसेनासा झाला तशी हरेश्वरच्या पोटानं उचल खाल्ली आणि ताज्या पापलेटांवरच त्यानं सकाळची पेज रिकामी केली. पुढं दोनचारदा नेलं, पण प्रकार तोच. तेव्हापासून वाड्यात कुणाच्या पोटात ढवळलं की ‘ह्याचा हरेश्वर झाला’ असं म्हणायची रीत पडली.

शेवटी त्यानं दर्याला रामराम ठोकला आणि एका शेटच्या तबेल्यात धूळ खात पडलेली बंद पेटीची घोडागाडी विकत घेतली. अशा गाडीला तेव्हा शिग्राम म्हणत. ती शेटच्या बापाच्या वयाची होती, पण माहीम ते गिरगाव भाडी मारायला पुरेशी होती. गाडीवर बसलेला हरेश्वर पाहिला की हाच तो ओकणारा कोळी, हे कुणाला खरं वाटत नसे. पाठ ताठ, फेटा तिरपा, आणि तोंडात गिऱ्हाइकाच्या गावाची चौकशी.

अठराशे नव्वद सालानंतरचे ते दिवस. भाड्याच्या गाड्यांना दरसाल साहेबापुढं तपासणीला उभं राहावं लागे आणि पास झालेल्या गाडीलाच नंबराचा बिल्ला मिळे. त्या पावसाळ्यात साहेबानं हरेश्वरच्या गाडीच्या तळाला हातातली काठी टेकवली, तर काठी आरपार खाली गेली. ती ओढायला गेला, तर काठीबरोबर फळीही वर आली. साहेबानं बिल्ला काढून घेतला आणि अट घातली. नारळी पुनवेच्या आत गाडी नीट करून आणली तर बिल्ला परत, नाहीतर गाडी मोडीत.

नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला की होड्या पुन्हा बाहेर पडतात. दत्तूनं तर बिल्ला गेला त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं, की काळजी करू नको, माझ्या होडीवर तुझी जागा ठेवलीय. वर हसून म्हणाला, की वाऱ्याच्या उलट्या अंगाची ठेवलीय. हरेश्वरला ते ऐकूनच मळमळलं.

आता दुरुस्तीला किती लागतील हे विचारायचं, तर परळचा आर्थर मिस्त्री गाठायला हवा होता. ह्या मिस्त्रीची अंदाज काढायची तऱ्हा निराळी. तो गाडीला हात लावत नसे, खाली वाकून बघत नसे. गाडीत बसायचा, डोळे मिटायचा आणि गाडीवाल्याला म्हणायचा, हाक. गाडीतून जो जो आवाज येई, त्याला त्याचं एक एक बोट दुमडे. चाकाचा आरा सैल झाला की कुई, हादरे झेलणारी कमान तुटकी असली की कट्ट. गाडी थांबली की मिस्त्री डोळे उघडून आकडा सांगे आणि तो आकडा देवाच्या बापालाही बदलता येत नसे.

म्हणजे आवाज कमी तर आकडा कमी, एवढा हिशेब हरेश्वरला कळत होता. रविवारी मिस्त्री माहीमच्या चर्चला यायचा, तेव्हा त्याला तिथूनच परळला घेऊन जायचं ठरलं. हरेश्वरनं आदल्या दिवशी चाकांना अर्धी बाटली तेल पाजलं. वाट किनाऱ्याकडच्या वाळूची धरायची ठरवली. घोड्याच्या गळ्यात घुंगरांचे तीन पदर बांधले. आणि सगळ्यात मोठा डाव म्हणजे सासूला, गुणवंतीला, परळच्या बाजारात सोडतो सांगून गाडीत बसवलं. गुणवंती सुकी मासळी विकायची. ती एकदा बोलायला लागली की शेजारणीचं गिऱ्हाईकसुद्धा नुसती सुटका व्हावी म्हणून हिच्याकडून बोंबील घेई. तिच्यापुढं कमान तुटली काय नि आरा वाजला काय, मिस्त्रीला कपाळ ऐकू येणार होतं.

मिस्त्री आला. घोड्याकडं बघून म्हणाला, “घुंगरं काढ. ह्याचं लगीन हाय काय?”

घुंगरं गेली. मिस्त्री आत बसला, डोळे मिटले आणि गाडी वाळूतून निघाली. पेटीत गुणवंतीचं तोंड सुरू झालं तसा हरेश्वर पुढं बसून मिशीत हसला. पण जरा वेळानं त्यानं कान दिला आणि त्याचं हसू आटलं. सासू गाडीचीच कुंडली मांडत होती. तिथं टेकू नको मिस्त्री, ती झडप खाली येते. डाव्या चाकाची लोखंडी धाव सुतळीनं बांधलीय. पाऊस आला की छतातून माझ्याच डोक्यावर धार लागते. पुढची कमान तर जावयानं माझ्या नवऱ्याच्या जाळ्याच्या दोरीनं आवळलीय, चांगली दोरी होती हो. मिस्त्रीची बोटं संपली. हरेश्वरनं घाबरून घोडा पिटाळला, गाडी वाळूतून खडीच्या रस्त्यावर आली आणि मग सासू राहिली बाजूला, गाडी स्वतःच बोलू लागली.

परळला उतरून मिस्त्रीनं सांगितलं, बेचाळीस रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त सागवानाचे.

हरेश्वरनं सासूकडं असं पाहिलं, की दुसरी असती तर जळून गेली असती. मग मिस्त्रीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, की तळाच्या सगळ्या फळ्या कशाला, साहेबाची काठी गेली तेवढी एक बदलू, बाकीवर पत्रा ठोकू नि वर जाड सतरंजी अंथरू. मिस्त्री हिशेबी माणूस. तो म्हणाला, पंधरात भागेल, पास पण होईल, पुढचं तुझं तू बघ.

तेव्हा गुणवंती टोपली खाली ठेवून गप्प उभी राहिली. हरेश्वरनं तिला गप्प कधी पाहिलंच नव्हतं. त्याला भीती वाटली.

“तुजा सासरा पन असाच बोल्ला होता,” ती म्हणाली. “एकच फली सडलीय, डांबरानं भागल. तीच फली फुटली. होडी परत आली, तो नाय आला. माजा घोव दर्यानं नेला. पोरीचा रस्त्यावर फिरतो, त्याला रस्त्यावरच फिरू दे. पन फल्या बदल.”

हरेश्वर खाली मान घालून म्हणाला, की पैसे कुठून आणू. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

सासऱ्याची ती होडी किनाऱ्यावर पालथी पडून होती. तिला हात लावायची दत्तूचीही छाती नव्हती, कारण गुणवंती रोज तिच्यावर बोंबील वाळत घाली आणि कुणी जवळ गेलं की कोयता उगारी. ती टोपली उचलत मिस्त्रीला म्हणाली, “होडी सागवानी हाय. एक फली सोडली तं सगली चांगली हाय. गाडीला लागल तवरी काप. उरल ती तुजी, लोखंड तू दे.”

मिस्त्रीनं डोळे मिटले, विचार केला आणि कधी नव्हे तो आपला आकडा बदलला. काहीच नको म्हणाला.

ती एक फळी त्यानं वेगळी काढली आणि चाकाची नवी धाव तापवायला भट्टीत घातली. गुणवंती समोर बसून होती. फळी पुरी जळेपर्यंत उठली नाही, आणि उठली तेव्हा डोळे पुसत, धूर फार झाला म्हणून मिस्त्रीवर खेकसली.

पुनवेच्या दोन दिवस आधी साहेबानं तळावर काठी आपटली, मग टाच आपटली आणि बिल्ला परत दिला. हरेश्वरनं सासूला गाडीत बसवलं आणि ऐटीत लगाम ओढला. नव्या कमानींवर गाडी मऊ मऊ डुलत निघाली. त्याच्या बैठकीला लावलेल्या होडीच्या फळीला अजून दर्याचा आणि बोंबलांचा वास होता. ऊन चढलं तसा तो वर यायला लागला. माहीमचं वळण आलं तेव्हा हरेश्वरची पाठ वाकली, फेटा सरळ झाला आणि त्यानं तोंडावर हात धरला.

त्याच्या पाठीमागची झडप उघडली.

“जावया,” गुणवंती म्हणाली, “ओकायचं तं वारा बघून ओक. माजा घोव पन ह्याच फलीवर बसून ओकायचा.”