कोपराखाली चार बोटं

आमच्या हिच्या मामांचं असं ठाम मत आहे की या पृथ्वीतलावर जेवढं म्हणून पाणी आहे, त्यातलं निम्मं चुकीच्या बाजूला वाहतं, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे ती जागा बांधताना कुणी मामांना विचारलं नाही. मामा भातसानगरला, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणावर नोकरीला होते. मुंबईत पाणीकपात झाल्याचं पेपरात आलं की आजही त्यांचा चेहरा ओशाळवाणा होतो. निवृत्तीनंतर धरण सुटलं, पण उतार काही सुटला नाही. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी तांब्याभर पाणी मागतात. यजमानाला वाटतं, पाहुण्याला तहान लागलीय. मामा ते पाणी अंगणात ओततात आणि कमरेवर हात ठेवून ते कुठं जातं ते बघत उभे राहतात. एका साखरपुड्याच्या पंगतीत ताटातली आमटी डावीकडे सरकलेली पाहून त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाला भर पंगतीत सांगितलं, "तुमचं जोतं खचलंय." सोयरीक टिकली, जोतंही टिकलं, पण लग्नाचं आमंत्रण मामांना काही आलं नाही.

अशा माणसाला आपण होऊन घरी बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. पण शहापूरच्या आमच्या घरातली स्वयंपाकघराची मोरी दर चार दिवसांनी तुंबायची आणि ओट्याची फरशी हलायची. सगळंच नव्यानं करायचं ठरलं तेव्हा ही म्हणाली, "मामांना दोन दिवस बोलवू या." टोकावड्याजवळच्या आपल्या गावाहून मामा मुरबाडमार्गे एसटीनं आले. पिशवीत मोजून दोन दिवसांचे कपडे आणि वेटोळं करून ठेवलेली लेव्हलची नळी, म्हणजे गवंडी पाणी भरून उंची ताडतात ती पारदर्शक नळी. कसाऱ्याकडच्या गवंड्यानं पहिल्या दिवशी ओटा फोडला, दुसऱ्या दिवशी मोरी उखडली, "उद्या येतो" म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी करोनामुळं सगळा देश बंद झाला. आम्ही तिघं आणि उखडलेलं स्वयंपाकघर घरात उरलो.

गॅस ओटीवर आला, भांडी न्हाणीघरात गेली आणि मसाल्याचे डबे माझ्या पुस्तकांच्या कपाटात. मी शाळेत भूमिती शिकवतो. त्या वर्षीच्या माझ्या टाचणवहीला अजून गोडा मसाल्याचा वास येतो. मामांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की रोग वरच्या अंगानं खाली येतो, सबब बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू अंगणातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायची. भाजी हळदीच्या पाण्यात भिजवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि त्यासाठी हाताला आलं ते घमेलं वापरलं. त्या घमेल्यात आदल्या दिवशी मोरीचं फोडलेलं सिमेंट भरलं होतं. भेंडी ताटात आली तेव्हा दाताखाली करकरत होती. मामा शांतपणे घास चावत म्हणाले, "खा रे जावईबापू, काय नाय होत. आतून गिलावा झाला असं समज." हात धुवायचे वीस सेकंद ते मोठ्यानं मोजायचे, पण नळ मात्र तिसऱ्या सेकंदालाच बंद करायचे. उरलेले सतरा सेकंद आम्ही फेस चोळत उभे.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, पण मामांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. गावाकडे मामी एकट्या होत्या. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. त्यातून दिवस राबाचे. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत पसरून तो भाजतात, त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही की रोपात तण माजतं आणि वर्षाचं भात बोंबलतं. नोकरीत असतानासुद्धा मामा रजा काढून राबाला घरी जायचे. आपल्याशिवाय राब भाजला जाऊ शकतो, ही कल्पनाच त्यांनी कधी केली नव्हती. मग रोज सकाळी नऊला मामींना फोन. "वारा बघ गो आधी. वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटव. घाई करू नको, कवळं नीट वाळू दे." पलीकडून फक्त "बरं" ऐकू यायचं. सूचना संपल्या की मामा फोन घेऊन परसात जायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "आनि तू? बरी हायस ना?" हे आम्हाला ऐकू येत नाही असा त्यांचा समज होता.

प्रवासाच्या पासासाठी मी मोबाइलवर फॉर्म भरायला बसलो. कारणाच्या रकान्यात आजारपण, मयत आणि लग्न एवढंच होतं. मामा भडकले. "लग्नाला सोडतात नि राबाला नाय? राब नाय तं लग्नात अक्षता कशाच्या टाकनार?" मी सुचवलं, मामींचं आजारपण लिहू. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी मोबाइल खाली ठेवला. "तिच्या नावावर आजार लिहायचा नाय," म्हणाले. त्या दिवशी ते जेवायला बसले, पण ताटातल्या आमटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

एक दिवस सकाळच्या फोनवर ते पुन्हा वाऱ्याबद्दल सांगायला लागले तेव्हा मामी पहिल्यांदाच सविस्तर बोलल्या. मोबाइल स्पीकरवर होता.

"राब झाला भाजून. आठ दिस झाले."

"आठ दिस? मंग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तं तुमी रोज फोन कशाला केला असता?"

मामांनी मोबाइल खिशात टाकला. मग एकदम उठले आणि म्हणाले, "चल, ओटा बांधू." नेमका त्याच दिवशी हिला ताप भरला. साधाच ताप होता हे पुढं कळलं, पण त्या दिवसांत तापाला साधा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. ही दहा दिवस आतल्या खोलीत बंद. घरात दोन पुरुष, गवंड्यानं मागं ठेवलेलं सिमेंट, जुनी कडप्पाची फरशी आणि लेव्हलची नळी. नळीचं एक टोक धरून मी परसदारी उभा, दुसरं टोक घेऊन मामा मोरीत. "हलू नको! मास्तर हायस का डोलकाठी?" असं तिकडून ओरडायचे. मी ओट्याची उंची विचारली तेव्हा त्यांनी टेप लावला नाही. हात हवेत धरला, क्षणभरही न अडखळता, आपल्या शेवटच्या बरगडीशी. "बाईच्या कोपराखाली चार बोटं. झालं माप." ओटा बांधला, फरशी बसली, मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते सरळ बाहेर गेलं. मामांनी ते सात वेळा ओतून पाहिलं.

अकराव्या दिवशी ही बाहेर आली. उंचीला ही माझ्या बरोबरीची, मामांपेक्षा वीतभर उंच. ओट्यापाशी उभी राहिली तर पोळपाटापर्यंत पोचायला कमरेत वाकावं लागत होतं. "मामा, हा ओटा कुणासाठी बांधलात?"

मामांनी पुन्हा हात हवेत धरला. तिथंच, शेवटच्या बरगडीशी. हाताकडे पाहिलं, मग भाचीकडे. "तुझ्या मामीचा कोपर हितं येतो," म्हणाले.

"पण मामी तर खाली बसून चुलीवर करते. तुमच्याकडे ओटा आहेच कुठं?"

मामांनी लेव्हलची नळी उचलली आणि गुंडाळायला घेतली. वेटोळं पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "रिटायर झालो का बांधीन, बोललेलो तिला." निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

रस्ते थोडे सुटल्यावर मुरबाडकडे जाणाऱ्या एका भाजीच्या टेम्पोत बसून मामा गेले. जाताना उरलेली अर्धी गोणी सिमेंट मांडीवर घेऊन बसले होते. आमचा ओटा आम्ही उंच करून घेतला नाही. ही अजूनही वाकून पोळ्या लाटते आणि कंबर दुखली की मामांच्या नावानं बोटं मोडते, पण कुणी ओटा फोडायचं नाव काढलं तर तिलाच राग येतो.

पुढं भात झोडून झाल्यावर आम्ही त्यांच्या गावी गेलो. स्वयंपाकघरात नवा ओटा, गुळगुळीत, मामींच्या कोपराखाली बरोबर चार बोटं. मामी उभ्यानं भाकऱ्या थापत होत्या. मामा दारात बसून ते बघत होते, धरण भरल्यावर बघत असतील तसे. ते खळ्यावर गेले तेव्हा मामींनी परात उचलली आणि कोपऱ्यातल्या जुन्या चुलीपुढं बसकण मारली.

"मामी, ओटा?" हिनं विचारलं.

"जल्म गेला बसून, बाय. आता उभं ऱ्हाऊन पाय भरून येतात." त्यांनी जाळ पुढं सारला. "ते घरात असले का मी उभी ऱ्हाते. तुमी नका सांगू त्यांना."

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. मामी गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मामा आत डोकावले, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "खूश हाय ना रे ती?"

"फार," मी म्हणालो.