अंगठा उमटला नाही त्या सकाळी

देवाकडे मागणं म्हणजे वशिला लावणं नव्हे, तर दुसरं काय, सांगता? मी हे तावातावानं विचारायचे. वडिलांनी छापलेली चळवळीची पत्रकं गावोगाव वाटत मी मोठी झाले. हक्क मागावा, कृपा नाही, हे त्यातूनच शिकले. दिल्लीच्या एका नामांकित विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरलं तेव्हा मी नवस केला नाही, अंदाज बांधत बसले. मागच्या वर्षीची यादी किती गुणांवर थांबली, मला किती गुण पडतील, हेच शेतात हळद मोडतानाही डोक्यात असायचं. जागा मोजक्या, पोरं देशभरातली. एक दिवस वाटे, नंबर लागेल; दुसऱ्या दिवशी वाटे, सिद्धेश्वर धरणाकडच्या खेड्यातली पोरगी तिथं कोण घेतंय?

परीक्षेच्या सकाळी हिंगोलीला जाताना आईनं औंढ्याला उतरवलंच. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली. वाट इतकी अरुंद की वाकल्याशिवाय कुणी आत जात नाही. "छत खाली आहे म्हणून वाकतेय," मी म्हणाले. आई हसली, "काहून का व्हईना, वाकलीस ना!" मी काहीच मागितलं नाही.

केंद्राच्या दारावर बोटांचे ठसे आधारशी ताडून पाहणारं मशीन होतं. अंगठा लावला, लाल दिवा. पुन्हा लाल. महिनाभर हळदीचे गड्डे मोडून अंगठा आणि शेजारची बोटं घासून गुळगुळीत झाली होती. मला वाटलं, पिवळेपणामुळे असेल. नळावर जाऊन मातीनं घासून आले, तर कातडी आणखी सोलवटली. "बाजूला थांब. ठसा आल्याशिवाय आत सोडता येत न्हाई," दारावरचा माणूस म्हणाला. दार बंद व्हायला काही मिनिटं उरली होती. मी बांधलेल्या कुठल्याच अंदाजात हा अंगठा नव्हता. तोंडातून 'नागनाथा' एवढंच निघालं.

आपल्या मुलीला सोडायला आलेली एक बुरख्यातली बाई पुढे झाली. तिनं माझा तळहात उलथून पाहिला.

"हळद मोडलीस व्हय गं? मग अंगठा काहून लावून राहिली? करंगळी लाव. तिला मोडणीत काम न्हाई. रेशनच्या दुकानात आमी तेच करतो."

"खाला, तुमी मदी बोलू नका," दारावरचा माणूस वैतागला.

"काहून? तुझ्या मशीनला तकलीफ व्हते का? लाव गं बेटा!"

हिरवा दिवा लागला. मी धावत आत गेले.

पेपर सुटल्यावर तिला शोधलं, पण ती दिसली नाही. आई म्हणाली, "नागनाथच आला व्हता." आयुष्यात पहिल्यांदा मी वाद घातला नाही. स्वतःच्या लेकीची काळजी उरात असताना परक्या पोरीची बोटं वाचणारी ती बाई! माझ्या सगळ्या वाचनाहून तिची ती नजर मला मोठी वाटली, आजही वाटते.

यादी अजून लागलेली नाही. माझ्या हाती होतं ते पेपरात लिहून दिलं. उरलेलं नागनाथाच्या स्वाधीन केलं आहे, आणि झोप लागते. हक्कासाठी मी यापुढेही भांडेन. पण आपणहून पुढे आलेला हात धरण्यात लाचारी नसते, हे कळायला मला ती सकाळ लागली. तुमच्याकडे एकच मागणं आहे: परीक्षेच्या दाराशी एखादं लेकरू अडलेलं दिसलं, तर आपलं काम क्षणभर राहू द्या, जवळ जा आणि आधी त्याचा हात हातात घेऊन पाहा.