जालं

आमच्या कादंबरीतल्या व्हँपायरला मराठीत काय म्हणायचं, यावरून आमचं पहिलं भांडण झालं. मी शब्दकोशातून ‘रक्तपिपासू’ शोधून आणला. मैत्रीण म्हणाली, "असल्या नावाच्या पोरावर कोन पोरगी मरंल गो?" तिने त्याला ‘पाव्हणा’ केलं, कारण बोलावल्याशिवाय तो कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही.

डोंबिवलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती खाडीकाठच्या आगरी गावातली. पूर्वी त्यांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. तिला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी ठाण्याला जाऊन रक्त चढवून घ्यावं लागे. मी सोबत जायचे आणि पिशवी रिकामी होईपर्यंत आम्ही वही भरायचो. सुई डाव्या हाताला, पेन उजव्यात.

गोष्ट तिचीच. दोनशे वर्षांपूर्वीचं मिठागर, तिथे राबणारी सतरा वर्षांची मुलगी आणि गलबतातून उतरलेला पाव्हणा. दोघांचं जमतं न जमतं तोच मिठागराचा मुकादम खाडीत मेलेला सापडतो आणि अख्खं गाव पाव्हण्यावर उठतं. खरा खुनी कोण, हे ती मला काही केल्या सांगेना. "शेवटच्या पानावर कलंल."

माझ्याकडे शुद्धलेखन होतं. ती ‘ळ’ला ‘ल’ म्हणायची आणि तसंच लिहायची. मी लाल पेनाने एकेक ‘ळ’ दुरुस्त करायचे आणि त्याची मला भारी ऐट होती. मुकादमाच्या गळ्यावर ‘बारीक चौकटी-चौकटीचे वल’ होते, असं तिने लिहिलं. मी आधी ‘वळ’ केलं, मग सगळं वाक्यच खोडून बाजूला शेरा मारला: अनावश्यक. ती नुसती हसली.

एकदा वैतागून मी म्हणाले, "अगं, यात रहस्य कसलं? दुसऱ्यांच्या रक्तावर जगणाराच खुनी असणार!"

तिने वर टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं. "म्हंजे मी पन?"

"तसं नाही गं," म्हणून मी विषय बदलला. माफी मागितली नाही. दुसऱ्याच्या चुका मला पटकन दिसतात, स्वतःची कबूल करताना जीभ जड होते. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

बारावीच्या वर्षी, चढवलेल्या रक्तातून इतकी वर्षं अंगात साचलेल्या लोहाने तिचं हृदय थकलं. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने तो बाजूला केला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "जालं."

मी सवयीने मनातल्या मनात दुरुस्त केलं: झालं. संपलं. मला रडू कोसळलं.

"जालं गो, जालं…" ती पुन्हा म्हणाली, जरा चिडूनच.

"असं काहीबाही बोलायचं नाही," म्हणून मी तिला दटावलं आणि मास्क परत तोंडावर बसवला. तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटी काय बोलली, असं तिच्या आईने विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं: झालं म्हणाली.

महिन्याभराने वही परत द्यायला मी त्यांच्या घरी गेले. अंगणात पाऊल टाकलं तशी तिची आई दारातून ओरडली, "जपून गो पोरी, जालं हाय तिथं!"

मी खाली पाहिलं. तिच्या वडिलांनी खाडीवरून आणून वाळत टाकलेलं मासे धरायचं जाळं होतं. बारीक चौकटी-चौकटीचं.

मी पायरीवर बसले आणि वही उघडली. लाल रेघेखालचं ते वाक्य अजून स्पष्ट वाचता येत होतं. मुकादमाचा गळा जाळ्याने आवळला होता. जाळं गावातलं, हात गावातला. पाव्हण्याने कुणालाच मारलं नव्हतं.

"काय जालं गो?" आई जवळ येऊन बसली.

"काकी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती झालं म्हणाली नव्हती. ती जाळं म्हणत होती. आमच्या गोष्टीतलं."

आईने वही स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. "म्हंजे तिला अजून बोलायचं व्हतं?"

"हो," मी म्हणाले. "मी बोलू दिलं नाही."